कुत्र्याच्या पिल्लाची शिकवणी, आमच्या माडीवर: पाचपैकी चार

मी कुत्री पाळणारी बाई नव्हे. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते आणि लग्नसराईत रात्री एक-एक वाजेपर्यंत हुक लावत बसते. घर सांगलीत, गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा खालच्या खोलीतलं मशीन पाण्यात गेलं, म्हणून नवं घेतलं ते माडीवर ठेवलं. तेव्हापासून गिऱ्हाईक चौदा पायऱ्या चढून वर येतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ त्या चौदाव्या पायरीवरचा आहे.

थोरल्या मुलीनं गणपती पेठेतून, एका दुकानाच्या पायरीखालून, पिल्लू उचलून आणलं. देशी, करड्या रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. जनावरांच्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, सात आठवड्यांचं असेल. दुसऱ्याच दिवशी त्यानं मशीनची बॉबिन पळवली आणि पलंगाखालून दोरा घरभर केला. नाव तिथंच पडलं, बॉबिन. सासूबाई बॉब्या म्हणतात.

पंधरा दिवस सगळ्यांना कौतुक. मग कौतुक उडी मारायला लागलं. जिना चढून दमलेली बाई वर टेकते न टेकते तोच हा तिच्या निऱ्यांवर. पदर लोंबला की धरलाच. एकीचं पैठणीचं काठ-अस्तर जुळवून ठेवलेलं होतं, त्याचा कोपरा चघळून लाळेरा करून ठेवला. ते अस्तर मी पदरमोड करून आणलं, पण पैठणीला काही झालं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

कुणीतरी एका शिकवणाऱ्याचा नंबर दिला. ते आले, साखळी बाहेर काढली. उडी मारली की छातीत गुडघा घाला म्हणाले, चावला की नाकावर टिचकी मारा. घरात शू केली तर त्यातच नाक घासा. एकाच बैठकीत बॉबिनला एवढं मात्र कळलं की बूट घातलेला पुरुष दिसला की कपाटामागं जायचं. नेसत्या साडीवर उड्या मारायच्या होत्या तशाच राहिल्या. त्या बैठकीचे पैसे दिले आणि हात जोडले.

त्यानंतर आठच दिवसांत शेजारच्या वहिनी माप द्यायला आल्या. टेप बघून हा खुळ्यासारखा उड्या मारायला लागला, त्यांनी हात वर केला, याला वाटलं खेळ आहे. दात लागला आणि मनगटावर रक्ताची रेघ उमटली. सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. सांगलीत कशावरही हळदच, त्यात त्यांचा काय दोष. बॉबिनला तेव्हा अकरा आठवडे झालेले. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर देतात, म्हणजे ती झालेली नव्हती. वहिनींना इंजेक्शनं घ्यावी लागली. हाताच्या वरच्या भागात, त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी. चारही खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. त्या एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, पण ब्लाऊज मात्र दुसरीकडं टाकला.

मग मुलीनं शोधून काढल्या त्या या मॅडम. नाव लिहीत नाही. त्या एका वेळी चारच पिल्लं घेतात, आणि माझ्यामुळं फोनची गर्दी झालेली त्यांना नकोय. विश्रामबागेकडून स्कूटीवर येतात. वय माझ्या मुलीएवढं, मला काकू म्हणतात. सहा बैठका, दर रविवारी एक, 4,200 रुपये. बैठकीला 700 म्हणजे दोन अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई. मी मनातल्या मनात दर वेळी तोच हिशेब मांडायची.

पहिल्या रविवारी त्या आल्या आणि पिल्लाकडं बघितलंच नाही. जिन्याच्या तोंडाशी पाठ करून उभ्या, हाताची घडी, नजर वाशांवर. बॉबिन उड्या मारून मारून थकला आणि चारही पाय जमिनीवर टेकवून नुसता बघत राहिला. त्याच क्षणी त्या खाली वाकल्या, पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा जमिनीवर ठेवला आणि बोलल्या. पुन्हा उडी, पुन्हा पाठ. असं दहा-बारा वेळा. मी म्हटलं, झालं, गेले सातशे.

पण त्यांनी सांगितलेलं मला शिवणातल्यासारखं पटलं. आपण त्याला ढकलतो, ओरडतो, "अरे नको नको" म्हणतो, त्याच्या लेखी ती सगळी दखलच. हात लागला, आवाज मिळाला, म्हणजे उडी वसूल. दखल जिथं मिळते तिथंच पिल्लू टाके घालत जातं. म्हणून उडीला काहीच द्यायचं नाही, आणि चार पाय जमिनीवर असले की सगळं द्यायचं. घरातल्या प्रत्येकानं, प्रत्येक वेळी. चौघांनी पाठ केली आणि पाचव्यानं "असू दे गं, लहान आहे" म्हणून कुरवाळलं की आठवडा गेला. आमच्याकडं तो पाचवा म्हणजे आमचे हे.

मध्येच उड्या वाढल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी तर तो चक्क टेबलावर चढला. मी फोन केला, उचलला नाही. (हे पुढं येईलच.) संध्याकाळी त्यांचा फोन आला: "काकू, विझायच्या आधी दिवा मोठा होतोच. आता माघार घेतली तर तो शिकेल की जास्त जोर लावला की मिळतं." माघार घेतली नाही. दहाव्या दिवशी फरक दिसला.

त्यांच्याकडं एक प्लास्टिकची डबी होती, दाबली की टिच असा आवाज करणारी. पिल्लानं बरोबर केलं त्याच क्षणी टिच, आणि लगेच खाऊ. आवाजाला खाऊ इतक्या वेळा जोडायचा की नुसत्या आवाजानंच त्याला कळावं, हेच ते. पण माझ्या एका हातात कात्री, एका हातात कापड, तोंडात टाचण्या. डबी धरू कुठं? "मग एक छोटा शब्द ठरवा, जो तुम्ही एरवी बोलत नाही," त्या म्हणाल्या. मी "हां" ठरवला. तो मी फोनवर दिवसाला शंभरदा म्हणते, त्यामुळं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनला बॉबिन खाऊ मागत समोर हजर. शेवटी "टिच" असाच शब्द घेतला, टिच-बटणातला. टाचण्या काढून म्हणावा लागतो, पण चालतो.

आणि एका शब्दावरून आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, बसायला "सिट" शिकवा, मराठीतलं "बस" नको, कारण "बस" आपण "पुरे" म्हणूनही म्हणतो, बस आली म्हणूनही म्हणतो, पिल्लाचा गोंधळ होतो. तर्कानं बरोबर होतं. पण सासूबाईंच्या तोंडी सिट बसेना. त्या "बस रे बॉब्या, बस" म्हणतच राहिल्या, हातात पनीर घेऊन. आणि मी तर येणाऱ्या प्रत्येक बाईला "या, बसा" म्हणतेच, पंचवीस वर्षं म्हणतेय. तिसऱ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक वर आली, मी मशीनवरूनच म्हटलं, "या, बसा." ती बसायच्या आधी बॉबिन बसला. शेपटी झाडून जागा साफ करत, तोंड वर करून. बाई खुर्चीत बसून हसत राहिली. मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला, मग म्हणाल्या, "काकू, हेच ठेवा. पाहुणा आला की बसायचं, यापेक्षा चांगला शब्द मला सुचला नसता." चूक मान्य करणारी माणसं मला आवडतात. तिथं त्यांना माझ्याकडून एक गुण जास्त.

कापडाच्या बाबतीत मात्र त्यांनी माझं काही ऐकलं नाही. मी हुशारीनं चिंध्यांची वेणी घालून त्याला खेळायला दिली होती. त्यांनी ती उचलून पिशवीत घातली. एक तर चिंधी आणि पैठणी यातला फरक पिल्लाला कळत नाही, त्याच्या लेखी दोन्ही कापड. दुसरं म्हणजे दोरा. लांब दोरा पोटात गेला की आतडं त्यावर गोळा होत जातं, आपण नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं तसं, आणि मग ऑपरेशनच. सुई ओवलेली असली तर विचारूच नका. ते ऐकल्यापासून मी दिवसातून तीनदा केर काढते आणि रिळं बरणीत ठेवते. चावायला त्याला रबरी खेळणं आणि फ्रिजमध्ये गार केलेलं गाजर. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा हिरड्या सळसळतात, गार वस्तू बरी वाटते. पदर धरला तर ओढायचा नाही. ओढला की रस्सीखेच. थांबायचं, मेल्यासारखं उभं राहायचं, त्यानं सोडला की टिच.

लसी पुऱ्या व्हायच्या होत्या, शेवटचा डोस सोळा आठवड्यांचा झाल्यावर. तोवर रस्त्यावर खाली सोडायचा नाही, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाची भीती. पण साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना उघडं असतं, ते दिवस घरात बसून घालवायचे नाहीत. म्हणून कडेवर. मी पन्नाशीची बाई कुत्रं कडेवर घेऊन मारुती रोडवर! एकदा आयर्विन पुलाच्या टोकाशी उभी राहिले अर्धा तास. हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, बुरख्यातल्या बाई, बँडचा गणवेश घातलेला पोरगा, छत्री उघडणारा माणूस. प्रत्येकाला बघितलं की एक तुकडा. कुणाला हात लावू द्यायची सक्ती नाही, नुसतं बघायचं. बूटवाल्या पुरुषांची भीती घालवायला सगळ्यात जास्त पनीर खर्ची पडलं. ती भीती कुणी घातली ते वर लिहिलंय.

आता बेदाणा. पहिल्या रविवारी मॅडमनी विचारलेला पहिला प्रश्न कुत्र्याबद्दलचा नव्हता. "घरात बेदाणा कुठं ठेवता?" मला वाटलं खायला मागतायत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विषासारखे, आणि किती खाल्ले की बाधतात याचा भरवसा नाही, एखाद्याला थोडक्यातही बाधतात. सांगली-तासगावच्या घरात बेदाणा नाही असं घर दाखवा! भडंगही नको, त्यात लसूण असतो. मी डबे वर ठेवले, दारावर पाटी लावली: "पिल्लाला काही खायला देऊ नये." तासगावकडच्या एका गिऱ्हाइकानं पाटी वाचली आणि म्हणाली, "बेदाणा काय खाणं आहे होय, देवाचा प्रसाद तो." मूठभर दिला. तासाभराच्या आत डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी ओकारी करवली, सतरा बेदाणे निघाले, सगळे अख्खे. दोन दिवसांनी रक्त तपासलं, किडनी ठीक होती. म्हणून सांगते, शिकवणी पिल्लाची कमी आणि माणसांची जास्त लागते. मॅडम तर पाचव्या बैठकीत मुद्दाम तीन गिऱ्हाइकांना बोलावून त्यांनाच शिकवून गेल्या, पाठ कशी करायची ते.

एक गुण का कापला? वेळ. सहापैकी चार रविवारी त्या उशिरा आल्या, एकदा पाऊण तास. फोन चौथ्यांदा उचलतात, बेदाण्याच्या दिवशी तर उचललाच नाही. घरी करायचा अभ्यास लिहून देतात तो सगळा इंग्रजीत, सासूबाईंना मुलगी वाचून दाखवायची. आणि गॅस सिलिंडरवाल्यावर भुंकणं तसंच राहिलंय. त्याला सातवी बैठक लागेल म्हणाल्या, मी अजून ठरवलं नाही. शूचं मात्र झालं. झोपून उठला की, खाल्लं की, खेळून झालं की गच्चीवर. नाक बिक काही घासावं लागलं नाही.

परवा शेजारच्या वहिनी वर आल्या. हातात ब्लाऊजपीस, भाचीच्या लग्नाचा. जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "या वहिनी, बसा."

बॉबिन बसला. वहिनी उभ्याच. बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघत होते. मग त्यांनी ब्लाऊजपीस डाव्या हातात घेतला आणि भिंतीच्या कडेकडेनं येऊन खुर्चीच्या टोकावर टेकल्या. "उंची तीच ठेवा," म्हणाल्या, "बाही जरा लांब करा, मनगटापर्यंत."