तापल्यावर कोण कसं थांबतं: पीएस५ की एक्सबॉक्स सिरीज एक्स?

पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा; गेम खेळायचे हे दोन्ही कन्सोल २०२० चे. दोन्हींत तापमान मोजणारे सेन्सर आहेत. चिप तापू लागली की आधी पंखा जोर धरतो, आणि मर्यादा ओलांडली की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं.

फरक आहे तो उष्णता बाहेर काढण्यात. पीएस५ मध्ये चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता घेऊन हवेत सोडणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये नेहमीच्या उष्णतावाहक पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो उष्णता फार चांगली वाहून नेतो, पण विजेचाही वाहक असल्याने सांडू नये म्हणून त्याला बंदिस्त ठेवावं लागतं. सिरीज एक्समध्ये व्हेपर चेंबर (आतल्या द्रवाची वाफ करून उष्णता पसरवणारी चपटी, बंद धातूची पेटी) आहे आणि १३० मिलिमीटरचा मोठा पंखा गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर फेकतो. मला ही रचना जास्त आवडते, कारण गरम हवेचा कल तसाही वर जाण्याकडेच असतो. मात्र त्या जाळीवर काहीही ठेवू नका!

पीएस५ पडद्यावर स्पष्ट सांगतो: यंत्र फार तापलंय, बंद करा, थंड होऊ द्या. एक्सबॉक्सची सूचना हवा खेळती ठेवण्याबद्दल असते. सूचना कुठलीही असो, लगेच पुन्हा चालू करू नका. आधी धूळ बघा.