सात महिन्यांत अकरा बागा

नव्या घरी राहायला आलो तेव्हा थोरली सहाची होती, धाकटा अडीचचा. उपनगर म्हणजे मुलांना खेळायला जागाच जागा, असं मी धरूनच चालले होते. नकाशावर हिरवे ठिपकेही बरेच दिसत होते. सात महिन्यांत त्यातल्या अकरा ठिकाणी जाऊन आलो. आता तीनच ठिकाणी जातो.

सुरुवातीला गुगल मॅप्सवरचे तारे बघून जायचे. त्यात फसले. चार-साडेचार तारे देणारी बहुतेक मंडळी सकाळी चालायला येणारी असतात. ‘वातावरण प्रसन्न, ट्रॅक उत्तम’ हे वाचून गेलं की मुलांसाठी कोपऱ्यात एक डगमगता सीसॉ. त्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपचा उपयोग झाला, कारण त्यात मुलांच्या खेळायच्या जागा बागेपासून वेगळ्या नोंदवता येतात. इमारतींच्या मधे दडलेल्या दोन जागा मला तिथेच सापडल्या. जाण्याआधी उपग्रहाचं चित्रही बघते, खेळण्यांवर झाडांची सावली आहे का ते कळतं. आणि शाळेच्या फाटकाशी थांबलेल्या आयांना ‘चांगली बाग कुठली’ असं विचारत नाही, ‘पाऊस पडून गेल्यावर तुम्ही कुठे जाता’ असं विचारते. या प्रश्नाला खरी उत्तरं येतात.

पहिले दोन महिने आमची लाडकी बाग होती ती सगळ्यात नवी, रंगीबेरंगी, खाली रबरी फरशी असलेली. एका दुपारी चारच्या सुमाराला धाकटा घसरगुंडीवर बसला आणि किंचाळत उठला. मांड्या मागून लालभडक. हवा फारशी तापलेली नव्हती, पण त्या प्लॅस्टिकवर दिवसभर थेट ऊन होतं. पत्राच तापतो, प्लॅस्टिकला काही होत नाही, हा माझा समज त्या दिवशी गेला. गडद रंगाची रबरी फरशीही तशीच तापते, अनवाणी सोडू नका. आता आधी माझा तळहात पालथा करून घसरगुंडीवर टेकवते आणि मनात पाच आकडे मोजते. मला टेकवत नसेल तर मुलं बसत नाहीत.

मग मी खेळणी सोडून जमीन बघायला लागले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची खेळाच्या जागांबद्दल एक मार्गदर्शिका आहे, ती वाचून डोळे उघडले. लाकडी मल्चचा (बारीक तोडलेल्या लाकडाचा) दाबून बसलेला २३ सेंटिमीटरचा थर साधारण २.१ मीटरवरून पडणाऱ्या मुलाला सांभाळतो. तेवढीच वाळू मात्र जेमतेम १.२ मीटरपर्यंत पुरते. गवत आणि चोपलेली माती तर त्यात धरतच नाहीत. मला इतके दिवस हिरवळ म्हणजे सुरक्षित वाटायचं! गंमत अशी की थर नेमका जिथे हवा तिथेच, झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी, मुलांच्या पायांनी उकरला जातो. एका बागेत झोक्याखाली पेन टोचून पाहिलं. अर्धंही आत गेलं नाही, खट्ट वाजलं. शेजारी, जिथे कुणी कधी पडणार नाही तिथे, ते टोपणापर्यंत बुडालं. ती बाग यादीतून गेली.

पर्समध्ये एक छोटी पट्टीही असते. कठड्याच्या गजांमधली फट साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या मधली असेल तर लहान मुलाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. पट्टी काढल्यावर लोक बघतात, बघू देत.

एक चूक सर्वस्वी माझी. धाकटा घाबरतो म्हणून त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून घसरले. मधेच त्याच्या बुटाचा तळ कडेला चिकटला आणि माझं वजन त्याला पुढे ढकलत राहिलं. नशिबाने दिवसभर लंगडण्यावर भागलं. डॉक्टरांनी सांगितलं, नडगीचं हाड मोडायची ही अगदी नेहमीची रीत आहे. एकटं मूल अडकलं तर थांबतं, आपण मागे असलो की थांबूच देत नाही. तेव्हापासून तो एकटा घसरतो, मी खाली उभी.

स्वच्छतागृहाबद्दल एवढंच सांगते, एक फार छान बाग आम्ही फक्त त्यापायी सोडली. नुकतंच डायपर सुटलेलं मूल घेऊन वीस मिनिटं धावत घरी येऊन बघा. कुंपणाला बंद होणारं फाटक आणि एका बाकावरून दोन्ही मुलं दिसणं, हेही तितकंच.

सगळ्यात अनपेक्षित निघाली अकरावी जागा. तिच्यासमोरून मी कित्येक आठवडे जात होते, पण बाग म्हणून ती डोळ्यांत भरलीच नव्हती. वाळूचा हौद, तीन ठेंगण्या लोखंडी कमानी, एक झाड, दोन बाक. बस्स. रंगीत बागेत वीस मिनिटांत ‘आता काय?’ सुरू करणारी मुलं इथे सव्वा तास बसली. पुढे वाचनात आलं की अल्दो फान आइक या वास्तुकाराने १९४७पासून ॲमस्टरडॅममधल्या पडीक कोपऱ्यांत अशाच साध्या साहित्याच्या सातशेहून जास्त जागा केल्या होत्या. कमान ही फक्त कमान असल्यामुळे थोरलीची ती कधी दुकान होते, कधी तुरुंग. घसरगुंडी घसरण्याखेरीज फारसं काही होऊ देत नाही.

तक्रार करावी का? करावी, पण उत्तर कसं मिळेल याचा नेम नाही. दुसऱ्या नंबरच्या बागेत झोक्याची कडी झिजून कागदाएवढी पातळ झाली होती. फलकावरच्या नंबरवर फोन केला, फोटो पाठवला. तीन आठवड्यांनी माणसं आली आणि दोन्ही झोकेच काढून घेऊन गेली. नवे अजून लागलेले नाहीत. मुलांनी त्या रिकाम्या चौकटीचा फुटबॉलचा गोलपोस्ट केलाय. गोलकीपर धाकटा, कारण नियम माहीत नसलेला तो एकटाच आहे.