कर्जासोबत गळ्यात पडलेला विमा: पैसे परत मागायला कोल्हापूरकरानं कुठलं दार ठोठवावं?

घरकर्जाचा पहिला खातेउतारा हातात आला तेव्हा कर्जाची रक्कम मंजुरीपत्रापेक्षा ७२ हजारांनी जास्त दिसली. मला वाटलं, लिहिण्यात चूक झाली असेल. शाखेत जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "तो विम्याचा हप्ता हाय. कर्जातच धरलाय. सगळ्यांचाच धरतोय की." सह्यांच्या दिवशी टेबलावर कागदांची चळत होती आणि जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलेली. त्यातली एक फुली विम्याच्या अर्जावर होती, हे मला त्या दिवशी कळलं.

विम्याचा हप्ता कर्जात मिसळला की काय होतं, ते आधी बघा. ७२ हजार रुपये ९ टक्के व्याजानं २० वर्षांच्या कर्जात गेले तर त्याचा महिन्याचा हप्ता सुमारे ६४८ रुपये होतो. २४० हप्त्यांत तुम्ही जवळपास १ लाख ५५ हजार रुपये भरता. म्हणजे विम्याच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. माझं प्रकरण मार्गी लागल्यावर गल्लीतल्या आणि नात्यातल्या काही जणांचे कागद मी बघितले. उद्यमनगरात वर्कशॉप असलेले एक काका, वैयक्तिक कर्ज घेतलेली माझी शिक्षिका बहीण, पतसंस्थेकडून गाडी घेतलेला एक मित्र. सगळ्यांचा प्रश्न एकच: जायचं कुठं? तक्रारीची दारं चार आहेत आणि चुकीच्या दारात उभं राहिलं तर वर्ष फुकट जातं.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कर्ज हवं असेल तर कर्जदाराच्या आयुष्याचा विमा काढलाच पाहिजे, असा कायदा नाही आणि रिझर्व्ह बँकेचा तसा नियमही नाही. विमा घेणं शहाणपणाचं असेल, पण ती तुमची मर्जी. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना बँकेनं 'केएफएस' नावाचं तथ्यपत्रक द्यावंच लागतं. कर्जाचा सगळा खर्च, विम्याचे पैसे धरून, त्यात दाखवावा लागतो. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. तुमचं कर्ज त्यानंतरचं असेल तर हा कागद पहिल्यांदा शोधा. तक्रारीतला सगळ्यात जड पुरावा तोच.

पहिलं दार: ३० दिवसांच्या आत असाल तर

पॉलिसी किंवा विमा प्रमाणपत्र हातात पडल्यापासून ३० दिवस 'फ्री लूक'चे असतात. या काळात कारण सिद्ध करायची गरज नसते. विमा कंपनीला लेखी कळवायचं की मला पॉलिसी नको. जितके दिवस संरक्षण मिळालं तेवढ्याचा वाटा, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतात. बाकीच्या तिन्ही दारांपेक्षा हे इतकं सोपं आहे की मुदत उरली असेल तर पुढचं वाचत बसू नका, आजच पत्र लिहा.

अडचण अशी, की गटविम्याचं (एकाच पॉलिसीत बऱ्याच कर्जदारांना धरतात तो विमा) प्रमाणपत्र पुष्कळदा कर्जदारापर्यंत पोचतच नाही. ते बँकेच्या फायलीत राहतं, नाहीतर कुणी उघडत नाही अशा ईमेलवर जातं. माझं तसंच झालं. प्रमाणपत्र मिळालंच नसेल तर पत्रात ते ठळक लिहा आणि प्रत मागा, कारण मुदत मोजायची ती प्रमाणपत्र मिळाल्यापासून.

दुसरं दार: रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. शाखेत देऊन पोच घ्यायची आणि एक प्रत मुख्य कार्यालयाच्या तक्रार अधिकाऱ्याला स्पीड पोस्टानं पाठवायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 'सीएमएस' या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, तक्रार होते. कागदावर लिहूनही पाठवता येते, ती चंदीगडच्या केंद्रात जाते आणि मराठीतली चालते. फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत २० लाखांपर्यंतचं नुकसान आणि मनस्तापासाठी वेगळे १ लाखापर्यंत देता येत होते; १ जुलै २०२६ पासून नवी योजना आहे, म्हणून आजच्या मर्यादा आणि मुदत पोर्टलवर बघून घ्या. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरानंतर एक वर्षाची मुदत होती, पण तेवढं थांबू नका.

इथं बरेच जण एका वाक्यामुळं हरतात. "मला चुकीची पॉलिसी विकली, ती रद्द करा" असं लिहिलं की प्रकरण विम्याचं ठरायचा धोका असतो, आणि विमा हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय नाही. त्याऐवजी बँकेनं काय केलं ते लिहा: माझ्या संमतीशिवाय कर्जाची रक्कम वाढवली, केएफएसमध्ये दाखवलं नाही, विमा घेतल्याशिवाय कर्ज सोडणार नाही असं सांगितलं. ही बँकेच्या सेवेतली त्रुटी झाली. बहिणीची पहिली तक्रार मी अशी बदलून घेतली.

या दाराला एक मर्यादा आहे. ज्या प्रकरणात बरेच कागद तपासावे लागतात, तोंडी साक्षी घ्याव्या लागतात, ते लोकपाल बंद करू शकतो. "साहेब तोंडी म्हणाले, विमा सक्तीचा आहे" एवढाच तुमचा आधार असेल आणि अर्जावर तुमची स्वच्छ सही असेल, तर हे दार कच्चं आहे. विम्याच्या हप्त्याची वजावट कागदावर दिसते आणि संमती कागदावर दिसत नाही, अशा प्रकरणाला मात्र यासारखं दुसरं दार नाही. वकील लागत नाही, वकिलामार्फत तक्रार घेतही नाहीत.

कोल्हापुरात आणखी एक प्रश्न येतो: तुमची संस्था या योजनेत बसते का? राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँका बसतात. ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवींच्या नागरी सहकारी बँका बसतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था बसत नाहीत. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि बोलताना सगळे तिला 'बँक'च म्हणतात, म्हणून पावतीवरचं पूर्ण नाव एकदा वाचा. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर तक्रार राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेकडे जाते.

तिसरं दार: विमा लोकपाल, पुणे

पैसे शेवटी गेले विमा कंपनीकडे. तिच्यावरचं दार वेगळं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद केली की तक्रारीवर लक्ष राहतं, तिथला दूरध्वनी १५५२५५. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरसाठी ते कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत. इथंही फी नाही, वकील नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो.

पॉलिसीतच खोट असेल तेव्हा हे दार बरं. मित्राच्या गाडीच्या कर्जाला लावलेला विमा निव्वळ अपघाताचा निघाला, सांगितलं होतं की 'काहीही झालं तरी कर्ज माफ'. काही जणांचं कर्ज २० वर्षांचं आणि विमा ५ वर्षांचा असतो. कुणाच्या प्रस्ताव अर्जात नोकरी, उत्पन्न, तब्येत भलतीच भरलेली असते. ही चुकीच्या माहितीची आणि अर्जाशी न जुळणाऱ्या पॉलिसीची प्रकरणं आहेत, नियमांत त्यांना थेट जागा आहे. गटविमाही चालतो. पतसंस्थेनं विकलेला असला तरी विमा कंपनी नियामकाखाली आहेच, म्हणून त्या मित्राला मी इकडंच पाठवलं. उद्यमनगरातल्या काकांसारखं एकट्या मालकीचं वर्कशॉप असेल तरी चालतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर मात्र नुसतं त्या नावावर भागत नाही, उद्योग सूक्ष्म वर्गात बसावा लागतो.

चौथं दार: जिल्हा ग्राहक आयोग

बँक आणि विमा कंपनी दोघांना एकाच तक्रारीत उभं करता येईल, असं हे एकच दार. पतसंस्थेलाही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तुम्हाला कोल्हापूर सोडावं लागत नाही. सेवेपोटी तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून दाखल होते. तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघावी, कधीकधी तेवढ्यानंच बँक हलते. तोंडी दबावाची प्रकरणं इथं प्रतिज्ञापत्रावर मांडता येतात आणि व्याज, मनस्ताप, खर्च सगळं एकत्र मागता येतं.

मात्र वेळ लागतो. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात तारखा पडत जातात, आणि समोरून वकील आला की आपल्यालाही वकील करावासा वाटतो. व्यवसायासाठीचं कर्ज असेल तर बँक पहिलाच आक्षेप घेते की हा 'ग्राहक'च नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं कर्ज त्यातून वाचतं, पण ते दाखवावं लागतं. (कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून थेट हायकोर्टात जाता येईल का, असं काकांनी विचारलं होतं. या कामाला तो रस्ता नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, दारांचा क्रम. एकच तक्रार आयोगात चालू असताना लोकपाल ती घेत नाही. उलट, लोकपालाकडं हात रिकामे राहिले तर नंतर आयोगात जाता येतं. म्हणून कागद पक्के असतील तर आधी लोकपाल. पण आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती वजावट झाल्यापासून मोजली जाईल असंच धरून चाला. दीड वर्ष उलटलं असेल तर मी लोकपालाच्या भानगडीत पडणार नाही, सरळ आयोगात जाईन.

एक काळजीनं सांगतो. विमा रद्द करायच्या आधी घरात बघा. पन्नाशी जवळ आली असेल, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर स्वतंत्र मुदत विमा नव्यानं मिळणं अवघड जातं आणि महाग पडतं. अशा माणसाच्या मागं कर्ज उरलं तर घर जाऊ शकतं. कपटानं गळ्यात घातलेला असला तरी तो विमा त्याच्या बायकामुलांच्या उपयोगाचा असतो. तिथं मी दुसरा विमा हातात येईपर्यंत थांबायला सांगेन, किंवा विमा ठेवून फक्त वाढीव व्याजाची मागणी करायला. बहिणीच्या नावावर आधीच पुरेसा मुदत विमा होता, म्हणून तिनं बिनधास्त रद्द केला.

आणि ज्यांना विमा नीट समजावून दिला होता, ज्यांनी तो समजून घेतला आणि ज्यांना तो आता फक्त नकोसा झालाय, त्यांना पूर्ण परतावा मागता येणार नाही. त्यांच्या हातात समर्पण मूल्य आहे, म्हणजे पॉलिसी मधेच सोडल्यावर मिळते ती रक्कम. कर्ज मुदतीआधी फेडताना उरलेल्या काळाचा विम्याचा हप्ता परत मागायचं तर पुष्कळ जण विसरूनच जातात.

"तुमच्या विम्याचे पैसे मंजूर झालेत, आधी कर भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. चारही दारांवर कुणी मध्यस्थ लागत नाही.

माझं काम दुसऱ्या दारानं झालं. लोकपालाकडून विचारणा गेल्यावर बँकेनं ७२ हजार कर्जखात्यात जमा केले, पण त्यावर आधी आकारलेलं व्याज तसंच ठेवलं. ते मी मागितलंच नव्हतं. पुन्हा पत्र लिहावं लागलं. म्हणून पहिल्याच पत्रात तिन्ही मागण्या घाला: विम्याचा हप्ता, तो कर्जात धरल्या दिवसापासूनचं व्याज, आणि दोन्ही वजा करून परतफेडीचं नवं वेळापत्रक, शाखेच्या सही-शिक्क्यासह.