कॅव्हलान सोलिस्ट विन्हो बारिक: गटारीला उघडलेल्या बाटलीचा सहा महिन्यांचा अनुभव

मेहुण्याने ड्युटी फ्रीमधून आणलेली व्हिस्कीची बाटली, ७०० मिली, कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, माझ्या बाटलीवर ५७.८ टक्के अल्कोहोल. तैवानची हीच सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनवलेली व्हिस्की) २०१५ ला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगात पहिली आली होती, त्यामुळे अपेक्षा भरपूर होती आणि गटारीच्या रात्री ठाण्यात घरी आम्ही तिघांनी उघडली तेव्हा खरं सांगतो, निराशा झाली. रंग कोऱ्या चहासारखा लालसर, एकदम देखणा, पण पहिल्याच घोटाला जीभ अशी आवळली की अर्धंकच्चं जांभूळ चावल्यासारखं, आणि मागून नुसता जाळ.

मग श्रावण लागला. आमच्याकडे अनंत चतुर्दशीपर्यंत बंद म्हणजे बंद, त्यामुळे बाटली दीड महिना कपाटात तशीच. विसर्जनानंतरच्या शनिवारी ओतली आणि मला दोनदा लेबल बघावं लागलं. तुरटपणा मागे गेलेला, पुढे काळ्या मनुका, आंबापोळी, जरा कॉफी, आणि शेवटी तोंडात राहतो तो डार्क चॉकलेटसारखा हलका कडूपणा. बाटलीत हवा शिरली आणि व्हिस्की मोकळी झाली, दुसरं काही नाही. वाइन कास्कवाली, म्हणजे वाइनच्या जुन्या पिंपात मुरवलेली व्हिस्की पहिल्या पेगवर जोखू नका हे मी सगळ्यांना सांगत सुटलोय.

याची पिंपं आधी लाल आणि पांढऱ्या वाइनची. ती आतून खरवडतात, शेकतात आणि पुन्हा जाळतात, व्हिस्की सल्लागार डॉ. जिम स्वॉन यांची ही पद्धत. खरवडल्याने वाइन मुरलेला आंबूस थर निघून जातो आणि भाजलेल्या लाकडाचा गोडवा चढतो. त्यात तैवानची गरमी, स्कॉटलंडमध्ये पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते तिथे यांची कितीतरी जास्त उडते पण मुरतेही झपाट्याने, म्हणून वय कमी असून इतकी दाट लागते.

पाणी घालायचंच. मी मुलीच्या कफ सिरपचं माप धुऊन वापरतो, ३० मिलीला ५ मिली, म्हणजे ५० टक्क्यांच्या जरा खाली येते आणि फळं वर येतात. बर्फ टाकला तर वास दबतो आणि नुसता तुरटपणा उरतो, एकदा करून बघितलं, परत नाही. सोबत काजू किंवा काहीच नको. एकदा दुपारी मामलेदारची मिसळ खाऊन संध्याकाळी घेतली तर जिभेला काही कळेचना.

ऑक्टोबर हीटमध्ये बूच मानेतच तुटलं. तुकडे चहाच्या गाळणीने काढले आणि जुन्या रिकाम्या बाटलीचं बूच बसवलं, फिट बसलं, म्हणून रिकाम्या बाटलीची बुचं फेकू नका. आणि वाइनसारखी आडवी ठेवू नका, एवढ्या अल्कोहोलने बूच खराब होतं.

नोव्हेंबर-डिसेंबर हा या बाटलीचा सगळ्यात सुंदर काळ, तेव्हा आमसुलासारखा एक आंबटगोड वास यायचा जो आधी कधीच आला नव्हता. जानेवारीत पाव बाटली राहिली आणि वास उतरायला लागला, मनुका गेल्या, लाकूड राहिलं. हे आधीच लक्षात यायला हवं होतं, अर्ध्यावर आली की छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवायची.

आता फेब्रुवारीत शंभरेक मिली तशी भरून ठेवलीये. मेहुणा मार्चमध्ये येतोय आणि त्याने अजून एक थेंब चाखलेला नाही.