स्वस्तातला डिजिटल व्हर्नियर, अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

कुंडईला आमच्या मशीन शॉपमध्ये क्यूसीच्या (माल तपासायच्या) टेबलावर उन्हाळ्यापासून हा व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून माप घ्यायचं इन्स्ट्रुमेंट, पडलाय, १५० एमएमचा, नाव न ऐकलेला ब्रँड. आता चवथ (गणेशचतुर्थी) पण झाली, म्हणजे पावसाळा बघून झाला, म्हणून लिहितोय, कारण गोव्यात कुठलंही इन्स्ट्रुमेंट मे महिन्यात बघून चांगलं म्हणण्यात अर्थ नाही.

माप चांगलं देतो हे आधीच सांगतो. जॉ (जबडे) मिटवून उजेडासमोर धरले तर फट दिसत नाही, २० एमएमच्या स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) अजूनही १९.९९ नाहीतर २०.००. स्टेनलेस आहे म्हणून गंजला पण नाही, चवथीच्या सुट्टीत शेजारच्या ड्रॉवरमधल्या साध्या स्टीलच्या फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) मात्र लाल ठिपके आले.

पण जून लागला आणि आकडे नाचायला लागले. जॉ जागचा हलत नाही आणि १२.४० चं १२.७३ होतं, मध्येच आपोआप झिरो. आत कपॅसिटिव्ह सेन्सर असतो, पट्टीवर ओल किंवा कूलंटचा पातळ थर बसला की तो गडबडतो, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पट्टी पुसली की परत ठिकाणावर येतो. आता ऑपरेटर कूलंटने माखलेल्या हातानेच उचलणार, त्याला किती वेळा सांगणार! आयपी६७ वाला, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारा, घेतला तर हा ताप नाही पण तो कितीतरी महाग पडतो. सेलचं पण तेच, बंद केला तरी फक्त डिस्प्ले जातो, आतलं सर्किट सेल खातच राहतं. एलआर४४ (अल्कलाइन) ऐवजी एसआर४४ (सिल्व्हर ऑक्साइड) सेल घाला, थोडा महाग आहे पण व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं.

खरी डोकेदुखी त्या दोन डेसिमलची आहे. स्क्रीनवर २५.०१ दिसलं की सुपरवायझर म्हणतो ओके, पाठव. अहो ड्रॉइंगवर भोकाचं माप २५ एच७ आहे, म्हणजे मापात चालणारा फरक सगळा मिळून ०.०२१ एमएम, आणि या व्हर्नियरचीच अ‍ॅक्युरसी ±०.०३, मग तो काय बोअर (भोक) पास करणार? तिथे प्लग गेजच (भोकात घालून बघायचा दोन टोकांचा दांडा), गो टोक जातं नोगो अडतं, विषय संपला. त्यात जॉब मशीनवरून उतरल्या उतरल्या मोजायची घाई, ६० एमएमचा अ‍ॅल्युमिनियमचा बुश (नळीसारखा पार्ट) २० डिग्रीने गरम असेल तर जवळजवळ ०.०३ मोठा दिसतो, थंड झाला की अंडरसाइज (मापापेक्षा लहान), आणि मग रिजेक्शनला नाव क्यूसीचं.

परत घेईन का? मशीनपाशी ठेवायला, कच्च्या मालाची लांबी-जाडी बघायला, डोळे झाकून. फायनलला माझा मायक्रोमीटरच. आणि डब्यात कॅलिब्रेशन सर्टिफिकेट म्हणून जो कागद येतो त्यावर सिरीयल नंबरसुद्धा नव्हता, ऑडिटरने बघून बाजूला ठेवला, त्यामुळे एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या लॅबमधून कॅलिब्रेशन करून घ्यायचा खर्च किमतीतच धरा.