गोवा ते लिस्बन किती लांब? अंतर सांगणाऱ्या साइटचा रिव्ह्यू

साइटचं नाव घेत नाही, अशा ढीगभर आहेत आणि सगळ्या साधारण सारख्याच. दोन विमानतळ टाका की किलोमीटर, मैल, नॉटिकल मैल आणि उडायचा वेळ समोर येतो. फुकट आहे, लॉगिनची कटकट नाही, जाहिराती मात्र उदंड. अंतर बघायला झकास, वेळेवर अजिबात विसंबू नका.

गोवा-लिस्बन टाकलं तर साधारण 8,300 किमी येतं, ते बरोबर आहे. नकाशावर रेघ वर वाकलेली दिसते ती चूक नाही हां, पृथ्वी गोल म्हणून जवळचा रस्ता सपाट नकाशावर तसाच दिसतो. पण वेळ म्हणे साडेदहा-अकरा तास! आमची मामी लगेच म्हणाली, मग रात्री जेवून बसलं की सकाळी पोचलोच की. कसलं काय मामी, गोव्यातून लिस्बनला डायरेक्ट विमानच नाही. साइट फक्त अंतराला ताशी आठ-नऊशेच्या स्पीडने भागते, वर चढण्या-उतरण्याचा अर्धाएक तास चिकटवते, झालं.

खरी मजा तुकडे करून टाकले की येते. मोपा (गोव्याचा नवा विमानतळ) ते कतारचं दोहा साधारण 2,550 आणि दोहा-लिस्बन 5,800, बेरीज केली तर सरळ रेषेपेक्षा जेमतेम तीसेक किलोमीटर जास्त, म्हणजे दोहा जवळपास वाटेवरच आहे! तेच दिल्लीवरून गेलात तर नऊशेएक किमी वाढतात, आधी उत्तरेला जाऊन मग पश्चिमेला वळायचं म्हणून. एजंट दिल्लीवालं तिकीट स्वस्त म्हणून गळ्यात मारायला लागला की हे बघून घ्या, ह्या एका कामासाठी साइट बुकमार्क करून ठेवण्यासारखी आहे. अर्थात दोह्यात दुसऱ्या विमानासाठी किती वेळ बसायचं ते साइटला कुठून कळणार, ते तिकिटावरच बघायचं आणि प्रवासाचे तास तिथेच वाढतात.

अजून एक, गोवा टाइप केलं की ती गुपचूप दाबोळी, म्हणजे जुना विमानतळ धरते. 2023 च्या जानेवारीपासून मोपाही चालू आहे की! आकाशात दोघांत फक्त चाळीसेक किमी, लिस्बनच्या हिशोबात काहीच नाही, पण दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाला विचारा, मोपासाठी उत्तरेला पेडण्यापर्यंत जायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा आणि वर टॅक्सीचं भाडं.

उलटं टाकलं, लिस्बन-गोवा, तरी वेळ तोच दाखवते. वर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे असतात, त्यामुळे येताना विमान बऱ्याचदा लवकर पोचतं. आणि घड्याळाचा फरक तर ती धरतच नाही, लिस्बन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. एअरपोर्टवर न्यायला येणाऱ्याला तारीख-वेळ सांगताना तिकिटावरची सांगा, साइटवरची नको. पाचपैकी तीन स्टार, तेही त्या दोह्यामुळे.