आफ्रिका विषयात मुरायचे असेल तर आधी नैरोबी की आदिस अबाबा?

भारतीय परराष्ट्र सेवेतील ज्या अधिकाऱ्याला आफ्रिका हाच आयुष्यभराचा विषय करायचा आहे, त्याला सुरुवातीच्या नियुक्तीसाठी केनियाची राजधानी नैरोबी आणि इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा यांपैकी एकाला पसंती द्यावी लागली, तर अंतिम निर्णय मंत्रालयाचा असला तरी आपल्याला आधी काय शिकायचे आहे, हे त्याने स्वतःशी ठरवायला हवे.

आदिस अबाबात ५५ सदस्यांच्या आफ्रिकी संघाचे मुख्यालय आहे आणि तेथील भारतीय राजदूत इथिओपियाबरोबर संघाचेही काम पाहतात. २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघ जी-२० चा कायम सदस्य झाल्यापासून या कामाचे वजन वाढले आहे. सेनेगलपासून मोझांबिकपर्यंतचे प्रतिनिधी एकाच शहरात भेटतात; मात्र ते आपापल्या सरकारांची ठरलेली भूमिका मांडतात, आणि नवख्या अधिकाऱ्याला त्या भूमिकेमागचा समाज तेथे बसून दिसत नाही.

नैरोबीत तो दिसतो. व्यापार, व्हिसा, अडचणीत सापडलेले भारतीय नागरिक, विद्यापीठे आणि वृत्तपत्रे अशा रोजच्या कामांतून देश कळत जातो. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे मुख्यालय तेथेच असल्याने बहुपक्षीय कामाचीही तोंडओळख होते. धोका वेगळाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेला भारतीय वंशाचा समाज इतक्या आपुलकीने जवळ घेतो की अधिकाऱ्याच्या संध्याकाळी त्याच वर्तुळात संपू शकतात.

ते वर्तुळ कसे ओलांडावे, याचा धडा औंधच्या अप्पासाहेब पंतांनी घालून दिला आहे. १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीत गेलेल्या पंतांनी केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातील जोमो केन्याटांसारख्या नेत्यांशी स्नेह जोडला आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकता यावे म्हणून खटपट केली. वसाहतीच्या सरकारला ही जवळीक इतकी खुपली की अखेर त्यांना तेथून हलावे लागले. आफ्रिकी राष्ट्रवादाची ताकद त्यांना लवकर उमगली, कारण ते त्या माणसांमध्ये वावरत होते.

म्हणून माझा कौल आधी नैरोबीला आहे. स्वाहिली मन लावून शिकावी आणि मधल्या वर्षांत, एखाद्या देशाचे राजकारण आतून पाहिल्यावर, आदिस अबाबाला जावे. ज्याला फ्रेंच उत्तम येते आणि शांतिसेना किंवा आंतरराष्ट्रीय कायदा यांतच खरा रस आहे, त्याने मात्र हा क्रम उलटा करायला हरकत नाही.